नोंदवहीतील रिकामी घरे : मद्रास वेधशाळा आणि गहाळ मूल्ये भरण्याचा इतिहास

१. प्रस्तावना

कोणत्याही खऱ्या डेटा संचात रिकामी घरे असतात. सेन्सर बंद पडतो, वीज जाते, निरीक्षक आजारी पडतो, कागदावर शाई सांडते. आज पायथॉनमध्ये एका ओळीच्या आज्ञेने अशी सगळी घरे भरता येतात. पडद्यावर तक्ता पूर्ण दिसतो आणि पुढचे काम सुरू होते. त्या एका क्षणात आपण नेमके काय केले, हा प्रश्न मात्र बहुतेक प्रकल्प अहवालांत विचारलेलाच नसतो.

या टिपणात आपण लहान खंड भरण्याच्या पद्धतींचा इतिहास पाहणार आहोत. लहान खंड म्हणजे एकामागून एक गहाळ झालेली थोडीच मूल्ये, ज्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी आपल्या हाती आहेत. यासाठी चेन्नई हे ठिकाण निवडण्याचे कारण साधे आहे. भारतात यंत्राने घेतलेल्या हवामान नोंदींची सर्वांत लांब परंपरा असलेल्या ठिकाणांत या शहराची गणना होते. दोनशे वर्षांहून लांब मालिकेत खंड असणारच. ते कसे भरले गेले, कधी भरता आले नाहीत आणि भरताना काय हरवले, हे या एका शहराच्या उदाहरणावरून चांगले समजते.

टिपणाचा मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगून ठेवतो. खंड किती लहान आहे हे घरे मोजून ठरत नाही. मोजलेली राशी त्या काळात किती बदलू शकते आणि तिच्या वागण्याचा नियम आपल्याला किती ठाऊक आहे, यावरून ते ठरते.

२. मद्रास वेधशाळा आणि तिच्या वह्या

१७८६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी विल्यम पेट्री यांनी मद्रासमधील एग्मोर भागात खासगी वेधशाळा उभारली. पुढे ती कंपनीकडे आली आणि मायकेल टॉपिंग यांच्या देखरेखीखाली १७९२ मध्ये नुंगंबाक्कम येथे तिची इमारत बांधली गेली. तेथील यंत्र बसवण्याचा ग्रॅनाइटचा स्तंभ आजही त्याच आवारात उभा आहे. आता तेथे भारतीय हवामानशास्त्र विभागाचे प्रादेशिक केंद्र आहे. टॉपिंग यांच्यानंतर १७९६ मध्ये जॉन गोल्डिंगहॅम यांनी काम हाती घेतले, आणि त्याच वर्षापासूनच्या हवामान नोंदी उपलब्ध आहेत. पावसाची मालिका १८१३ पासून सुरू होते.

येथे प्रश्न पडेल की ताऱ्यांचे वेध घेणारी माणसे वायुभारमापक आणि तापमापक का वाचत होती? उत्तर प्रकाशाच्या वक्रीभवनात आहे. ताऱ्याचा प्रकाश वातावरणातून येताना वाकतो. तो किती वाकेल हे हवेच्या घनतेवर, म्हणजे दाब आणि तापमान यांवर अवलंबून असते. ताऱ्याचे खरे स्थान काढायचे तर वेधाच्या वेळचा दाब आणि तापमान लिहून ठेवणे भाग होते. म्हणजे आज हवामान अभ्यासकांना मौल्यवान वाटणाऱ्या या नोंदींची सुरुवात खगोलशास्त्राला लागणारी जोडमाहिती म्हणून झाली होती. डेटा ज्या कामासाठी गोळा होतो त्याच कामासाठी पुढे वापरला जाईल असे नाही, हा यातून मिळणारा पहिला धडा.

दुसरी गोष्ट लक्षात घ्या. या वह्या अनेक हातांनी भरल्या. थॉमस टेलर, विल्यम जेकब, नॉर्मन पॉगसन असे प्रमुख बदलत गेले. त्यांच्याबरोबर भारतीय साहाय्यक रात्रंदिवस नोंदी घेत होते. त्यांपैकी चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला आणि १८७२ मध्ये ते लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्य झाले. माणूस बदलला, यंत्र बदलले, यंत्राची जागा हलली की मालिकेत एक अदृश्य सांधा तयार होतो. रिकामे घर निदान डोळ्यांना दिसते. असा सांधा मात्र दिसत नाही. म्हणून खंड भरण्यापूर्वी खंडाच्या दोन्ही बाजूंची मूल्ये एकाच यंत्राची आणि एकाच जागेची आहेत का, हे तपासावे लागते.

३. कोष्टकातील फट : ब्रह्मगुप्ताची रीत

दोन ज्ञात मूल्यांच्या मधले मूल्य काढण्याला अंतर्वेशन म्हणतात. हे तंत्र नोंदवह्यांपेक्षा कितीतरी जुने आहे आणि त्याचा उगम कोष्टकांत आहे. ज्या कोनांची ज्या कोष्टकात नाही, त्यांची ज्या कशी काढायची, हा खगोलगणिताचा रोजचा प्रश्न होता.

ब्रह्मगुप्त यांच्या ‘खंडखाद्यक’ या इ.स. ६६५ च्या ग्रंथाच्या परंपरेत दर १५ अंशांनी ज्या दिलेल्या आहेत. त्रिज्या १५० धरल्यास १५, ३०, ४५, ६०, ७५ आणि ९० अंशांच्या ज्या अनुक्रमे ३९, ७५, १०६, १३०, १४५ आणि १५० येतात. लागोपाठच्या मूल्यांतील फरक ३९, ३६, ३१, २४, १५ आणि ५ असे आहेत. फरक सारखे नाहीत, ते कमी होत जातात.

आता ३७.५ अंशांची ज्या काढू. सरळ रेषेने अंतर्वेशन केले तर ७५ आणि १०६ यांची सरासरी ९०.५ येते. ब्रह्मगुप्त यांची रीत अशी : मागचा फरक ३६ आणि चालू फरक ३१ यांच्या बेरजेचे अर्धे ३३.५ घ्यावे. त्या दोघांच्या वजाबाकीचे अर्धे २.५ घ्यावे आणि पुढे गेलेल्या अंतराच्या अपूर्णांकाने, म्हणजे येथे १/२ ने, गुणावे. उत्तर १.२५. हे ३३.५ मधून वजा केले की ३२.२५ हा सुधारलेला फरक मिळतो. त्याचे अर्धे १६.१२५. ते ७५ मध्ये मिळवले की ९१.१२५ येतात. खरे मूल्य सुमारे ९१.३१ आहे. सरळ रेषेची चूक ०.८१ होती, ती ०.१९ वर आली.

आजच्या भाषेत हे दुसऱ्या फरकापर्यंतचे अंतर्वेशन आहे. पुढे युरोपात न्यूटन आणि स्टर्लिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी सूत्रे याच कुळातील आहेत. आपण संगणकावर ‘क्वाड्रॅटिक’ पर्याय निवडतो तेव्हा कल्पना तीच असते : केवळ उतार पाहू नका, उतार कसा बदलतो तेही पाहा.

पण येथे एक अट आहे. कोनाची ज्या हे गुळगुळीत बदलणारे फल आहे. ३७.५ अंशांवर ती अचानक उडी मारणार नाही, याची आपल्याला खात्री आहे. कोष्टकातील फटीमागे नियम उभा असतो. नोंदवहीतील रिकाम्या घरामागे तसा नियम असेलच असे नाही. अंतर्वेशनाचे सूत्र कोष्टकातून नोंदवहीत आणताना आपण ही खात्री नकळत बरोबर घेऊन येतो. पुढच्या तीन उदाहरणांत ती कोठे टिकते आणि कोठे तुटते ते पाहू.

४. १८७२ : दोन वेध आणि न मिळालेला तिसरा

खंड भरण्याच्या इतिहासातील सर्वांत गाजलेले यश १८०१ चे आहे. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे पियाझ्झी यांना सेरेस हा लघुग्रह दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंत त्याचे वेध मिळाले, मग तो सूर्याच्या तेजात हरवला. तरुण गाउस यांनी मोजक्या वेधांवरून त्याची कक्षा काढली आणि वर्षअखेरीस तो त्यांनी सांगितलेल्या जागेच्या जवळ पुन्हा सापडला. वेध होते सुमारे सहा आठवड्यांचे आणि खंड कित्येक महिन्यांचा. तरीही तो ओलांडता आला, कारण ग्रहगतीचा नियम ठाऊक होता.

मद्रासची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. नोव्हेंबर १८७२ च्या शेवटी, बीला धूमकेतूशी संबंध असलेला मोठा उल्कावर्षाव झाला. धूमकेतू पृथ्वीजवळून गेला असावा आणि तो आता दक्षिण आकाशात दिसेल, असे गटिंगेनच्या क्लिंकरफ्यूस यांना वाटले. त्यांनी मद्रासला पॉगसन यांना तार करून आकाशाचा ठरावीक भाग शोधायला सांगितले. डिसेंबरच्या सुरुवातीला पॉगसन यांना लागोपाठ दोन दिवस तेथे खरोखरच एक धूमकेतू दिसला आणि त्यांनी त्याचे स्थान नोंदवले. त्यानंतर आकाश ढगांनी भरले. तिसरा वेध मिळाला नाही.

आता साधा हिशेब करा. सूर्याभोवतीची कक्षा ठरवायला सहा संख्या लागतात. आकाशातील एका वेधातून दोन संख्या मिळतात. तीन वेध म्हणजे सहा संख्या, म्हणून तीन वेध ही किमान गरज. पॉगसन यांच्याकडे चारच संख्या होत्या. कक्षा परवलय आहे असे गृहीत धरले तरी पाच लागतात. त्यामुळे तो धूमकेतू बीलाचा होता की दुसराच कोणी, हे त्या वेधांवरून पक्के ठरवता आले नाही.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक तत्त्व स्पष्ट होते. सेरेसचा खंड कित्येक महिन्यांचा असूनही भरता आला. मद्रासमध्ये एक स्वच्छ पहाट कमी पडली आणि तो खंड कोणत्याही गणिताने भरला गेला नाही. अज्ञात राशी जितक्या, तितकी स्वतंत्र माहिती हवीच. ती नसेल तर सूत्र काहीतरी उत्तर देईल, पण ते आपल्याच गृहीतकाचे उत्तर असेल.

आणखी एक फरक लक्षात घ्या. पॉगसन यांच्या खंडाला दुसरा किनाराच नव्हता. दोन्ही बाजूंना नोंदी असतील तेव्हाच अंतर्वेशन म्हणता येते. एकाच बाजूला नोंद असेल तर ते बहिर्वेशन, आणि त्यात चूक झपाट्याने वाढते.

५. वायुभाराची दैनिक लय

आता नोंदवहीकडे वळू. उष्ण कटिबंधात वायुभार दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास तो जास्त असतो. पहाटे चारच्या आणि दुपारी चारच्या सुमारास तो कमी असतो. चेन्नईसारख्या ठिकाणी या चढउताराचा दिवसभरातील पल्ला साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कल असतो.

समजा वहीत सकाळी दहाची आणि रात्री दहाची नोंद आहे, दुपारी चारची नाही. सरासरी घेऊन घर भरले तर काय होईल? दोन्ही बाजूंची मूल्ये शिखरावरची आहेत आणि गहाळ मूल्य दरीतले आहे. भरलेला आकडा जवळजवळ पूर्ण पल्ल्याइतका चुकेल. घर एकच रिकामे होते, तरी लयीच्या हिशेबात तो खंड मोठा होता.

याउलट याच मालिकेतील एका दिवसाची मासिक सरासरी काढायची असेल, तर इतर दिवसांच्या नोंदींवरून दुपारी चारचा दाब दिवसाच्या सरासरीपेक्षा साधारण किती कमी असतो हे काढता येते. मग त्या दिवसाच्या उपलब्ध नोंदींवरून दिवसाची पातळी ठरवायची आणि तिच्यातून ती घट वजा करायची. म्हणजे लय वेगळी आणि त्या दिवसाचे वेगळेपण वेगळे. ही रीत साधी आहे आणि बहुतेक दिवशी चांगली चालते.

जुन्या नोंदींवर काम करणाऱ्यांना हाच विचार करावा लागतो. निरीक्षणाच्या वेळा दशकागणिक बदलतात. वायुभारमापकाच्या पाऱ्याचे तापमान, समुद्रसपाटीपासूनची उंची, गुरुत्वाकर्षण यांच्या दुरुस्त्या कधी केलेल्या असतात, कधी नसतात. रॉब अ‍ॅलन, फिल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीच्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदी वापरून मद्रासच्या समुद्रसपाटीवरील वायुभाराची मालिका पुन्हा उभी केली. एल निनोसारख्या दीर्घकालीन बदलांचा माग काढण्यासाठी अशा मालिका लागतात. दोनशे वर्षांनी हे काम शक्य झाले, कारण मूळ वाचने शिल्लक होती.

बहुतेक दिवशी चालणारी ही रीत वादळाच्या दिवशी मात्र कोसळते. १२ डिसेंबर २०१६ रोजी दुपारी वरदा हे चक्रीवादळ चेन्नईजवळ किनारा ओलांडून गेले. अशा वेळी काही तासांत दाब दैनिक लयीच्या कित्येक पट घसरतो आणि पुन्हा चढतो. त्या काही तासांची नोंद गहाळ असेल तर सकाळ आणि रात्र जोडणारी रेषा वादळ पुसूनच टाकते.

६. पाऊस : शेजारी केंद्राची मदत

वायुभार निदान सलग बदलतो. पाऊस तसाही नाही. बहुतेक दिवशी तो शून्य असतो आणि एखाद्या दिवशी महिन्याचा पाऊस पडून जातो. चेन्नईचा वार्षिक पाऊस सुमारे १४०० मिलिमीटर असून त्याचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी काळात पडतो. आधीचा आणि नंतरचा दिवस पाहून मधल्या दिवसाचा पाऊस ठरवणे जवळजवळ निरर्थक आहे. म्हणून पावसासाठी काळाऐवजी जागेचा आधार घेतात, म्हणजे त्याच दिवशी शेजारच्या केंद्रावर काय झाले ते पाहतात.

सर्वांत रुळलेली रीत गुणोत्तराची आहे. दोन केंद्रांच्या दीर्घकालीन सरासरींचे गुणोत्तर काढायचे आणि शेजाऱ्याच्या त्या महिन्याच्या पावसाला त्याने गुणायचे. मासिक आणि हंगामी बेरजांसाठी ही रीत बरीच भरवशाची आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत बी. पार्थसारथी आणि सहकाऱ्यांनी ३०६ केंद्रांच्या आधारे १८७१ पासूनची अखिल भारतीय पर्जन्यमालिका तयार केली. ती आजही मोसमी पावसाच्या अभ्यासात वापरली जाते. त्याच संस्थेतील एन. ए. सोनटक्के आणि सहकाऱ्यांनी मालिका १८१३ पर्यंत मागे नेली. या टोकाला मद्रासची वही हा मोठा आधार आहे. मागे जावे तशी केंद्रे विरळ होत जातात आणि अंदाजाची खात्री कमी होत जाते. म्हणून अशा मालिकेतील १८२० चा आकडा आणि १९२० चा आकडा एकाच भरवशाने वाचायचे नसतात.

मासिक बेरजेला चालणारी रीत रोजच्या पावसाला चालेल का? याची चाचणी आपण स्वतः घेऊ शकतो. एक ज्ञात नोंद झाकायची, ती गहाळ आहे असे समजून भरायची आणि मग उघडून पाहायची. २ डिसेंबर २०१५ रोजी सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत नुंगंबाक्कमला सुमारे २९ सेंटीमीटर, मीनंबाक्कम विमानतळावर ३५ सेंटीमीटर आणि तांबरमला ४९ सेंटीमीटर पाऊस नोंदला गेला. शहरात महापूर आला तो दिवस हाच.

आता नुंगंबाक्कमची नोंद झाका. दोन शेजाऱ्यांची साधी सरासरी ४२ येते. जवळच्या मीनंबाक्कमला तांबरमच्या तिप्पट वजन दिले, तर ३५ च्या तिप्पटीत ४९ मिळवून चाराने भागायचे, म्हणजे ३८.५. खरा आकडा २९. वजन देऊनही चूक ९ सेंटीमीटरहून अधिक राहते. याउलट डिसेंबरमधील सर्वसाधारण दिवसाची सरासरी भरली असती तर काही मिलिमीटरच लिहिले गेले असते आणि महापुराचा दिवस वहीतून नाहीसा झाला असता.

शेजाऱ्यांनी फसवले का? नकाशा पाहा. मीनंबाक्कम आणि तांबरम ही दोन्ही ठिकाणे नुंगंबाक्कमच्या नैऋत्येला, जवळपास एकाच दिशेने आहेत. पाऊसही त्या दिशेने वाढत गेला होता. म्हणजे आपण अंतर्वेशन करतो आहोत असे वाटत असताना प्रत्यक्षात बहिर्वेशन करत होतो. पूर्वेला समुद्र आहे, तेथे शेजारी केंद्र मिळणे शक्यच नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक शहराची ही अडचण आहे. मुंबईत कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्या पावसातील फरक आपल्याला ठाऊकच आहे.

पावसाच्या नोंदीतील आणखी एक सापळा सांगायला हवा. साध्या पर्जन्यमापकात पाणी साठत राहते. निरीक्षक एक दिवस आला नाही तर दुसऱ्या दिवशीच्या मापात दोन्ही दिवसांचे पाणी असते. पहिले घर रिकामे आहे म्हणून ते शेजाऱ्याकडून भरले आणि दुसरे तसेच ठेवले, तर तोच पाऊस दोनदा मोजला जातो. येथे बेरीज ठाऊक आहे, केवळ वाटणी गहाळ आहे. म्हणून वाटणीच शेजाऱ्यावरून करायची आणि बेरीज कायम राखायची.

७. भरलेल्या आकड्याची किंमत

विसाव्या शतकात हा प्रश्न शेतीच्या प्रयोगांतून संख्याशास्त्रात आला. इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथील शेतीच्या प्रयोगांत एखाद्या वाफ्याचे पीक जनावरांनी खाल्ले किंवा नोंद हरवली की समतोल मांडणी बिघडत असे. १९३० मध्ये अ‍ॅलन आणि विशार्ट यांनी, आणि १९३३ मध्ये फ्रँक येट्स यांनी अशा गहाळ वाफ्याचे मूल्य काढण्याची रीत दिली. यादृच्छिक गटांच्या प्रयोगात उपचारांची संख्या गुणिले त्या उपचाराची बेरीज, अधिक गटांची संख्या गुणिले त्या गटाची बेरीज, वजा एकूण बेरीज, असा अंश घ्यायचा. त्याला, दोन्ही संख्यांतून एक-एक वजा करून येणाऱ्या गुणाकाराने भागायचे. सर्व बेरजा उपलब्ध नोंदींच्याच.

या रीतीचा खरा बोध सूत्राच्या पुढच्या सूचनेत आहे. एक मूल्य भरले की त्रुटीच्या डिग्रीज ऑफ फ्रीडममधून एक वजा करायचा. म्हणजे भरलेला आकडा मांडणी पूर्ण करण्यासाठी घेतला आहे, तो नवी माहिती देत नाही, हे हिशेबातच लिहून ठेवायचे. पॉगसन यांच्या चार संख्यांच्या सहा होत नाहीत, तसेच हे.

ही वजाबाकी विसरली तर काय होते ते छोट्या उदाहरणाने पाहू. २, ६, १०, १४ अशा चार नोंदी आहेत आणि दोन गहाळ आहेत. सरासरी ८. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ८०. तिला ३ ने भागून वर्गमूळ काढले की प्रमाण विचलन सुमारे ५.२ येते. आता दोन्ही गहाळ घरांत ८ भरा. वर्गांची बेरीज ८० च राहते, पण भाजक ५ होतो. प्रमाण विचलन ४ वर येते. जगात काहीही बदलले नाही, तरी डेटा अधिक शांत दिसू लागला.

अभियंत्यासाठी हा प्रश्न कागदावरचा नाही. गटाराचा व्यास, पुलाची उंची, तलावाच्या सांडव्याची क्षमता पावसाच्या टोकाच्या मूल्यांवरून ठरते. सरासरीने भरलेली मालिका ही टोके कापून टाकते. शिवाय यंत्रे बंद पडतात ती बहुधा वादळात आणि पुरातच. १९७६ मध्ये डोनाल्ड रूबिन यांनी या मुद्द्याला नेमकी मांडणी दिली. मूल्य गहाळ होण्याचा त्या मूल्याशीच संबंध असेल, तर गहाळ होण्याचे कारण लक्षात न घेता केलेला कोणताही हिशेब एका बाजूला झुकतो. शाई सांडून पुसलेला आकडा आणि पुरात वाहून गेलेल्या पर्जन्यमापकाचा आकडा, दोन्ही घरे सारखीच रिकामी दिसतात, पण त्यांचा अर्थ वेगळा असतो. रूबिन यांनीच पुढे एका घरासाठी अनेक संभाव्य मूल्ये भरून प्रत्येकावर विश्लेषण करण्याची पद्धत मांडली, जेणेकरून न जाणण्याचे प्रमाणही उत्तरात दिसावे.

८. आजच्या कामासाठी नियम

या इतिहासातून निघणारे काही व्यवहारी नियम असे :

(अ) मूळ स्तंभाला हात लावू नका. भरलेली मूल्ये वेगळ्या स्तंभात ठेवा आणि तिसऱ्या स्तंभात कोणते मूल्य मोजलेले, कोणते भरलेले आणि कोणत्या रीतीने, हे लिहा.

(आ) शून्य आणि रिकामे यांत गल्लत करू नका. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

(इ) खंडाची लांबी आधी मोजा. पायथॉनच्या पांडाज ग्रंथालयात ‘लिमिट’ ३ दिली तर तीनपेक्षा मोठे खंड सोडले जातात, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात दहा घरांच्या खंडातीलही पहिली तीन घरे भरली जातात. केवळ लहान खंडच भरायचे असतील तर प्रत्येक खंडाची लांबी स्वतंत्र काढून मोठे खंड वगळावे लागतात.

(ई) मर्यादा राशीच्या लयीवरून ठरवा. ताशी वायुभारात एक तास ठीक, सहा तास नाही. रोजच्या पावसात काळाच्या दिशेने एक दिवसही नाही.

(उ) झाकून पाहण्याची चाचणी घ्या. आपल्या डेटातील ज्ञात मूल्ये मुद्दाम झाकून भरा, चूक मोजा आणि ती अहवालात द्या. ही चाचणी शांत दिवसांवर आणि वादळी दिवसांवर वेगवेगळी घ्या.

(ऊ) खात्री नसेल तर घर रिकामे ठेवा. रिकामे घर पुढच्या अभ्यासकाला अधिक चांगली रीत वापरण्याची संधी देते. खूण न करता भरलेले घर ती संधी कायमची घालवते.

९. सारांश

कोष्टकातील फटी भरण्याचे गणित भारतात सातव्या शतकात परिपक्व झाले होते. त्या गणितामागे फलाच्या गुळगुळीतपणाची हमी होती. मद्रासच्या धूमकेतूने दाखवले की पुरेशी स्वतंत्र माहिती नसेल तर एका वेधाचा खंडही भरत नाही. वायुभाराने दाखवले की लहान-मोठे लयीवरून ठरते. पावसाने दाखवले की शेजारी कोणत्या दिशेला आहे हेही पाहावे लागते. येट्स आणि रूबिन यांनी भरलेल्या मूल्याची किंमत हिशेबात कशी धरायची ते सांगितले. मद्रासच्या निरीक्षकांना आपल्या वह्यांचा हा उपयोग ठाऊक नव्हता. त्यांनी जे वाचले ते लिहिले, म्हणून आज त्यावर नव्याने काम करता येते. आपल्या डेटा संचाबाबतही पुढच्या पिढीला एवढेच हवे असेल.

विचारासाठी प्रश्न

१. ब्रह्मगुप्त यांच्या रीतीने त्रिज्या १५० साठी ५० अंशांची ज्या काढा. सरळ रेषेच्या उत्तराशी आणि खऱ्या मूल्याशी तुलना करा.

२. एका पर्जन्यमापकाची सोमवारची नोंद नाही आणि मंगळवारी ६० मिलिमीटर नोंद आहे. शेजारच्या केंद्रावर सोमवारी ३० आणि मंगळवारी १० मिलिमीटर पाऊस झाला. पहिल्या केंद्राची दोन दिवसांची वाटणी कशी कराल? त्यात कोणते गृहीतक आहे?

३. तुमच्या शहरातील हवामान केंद्राचे शेजारी कोणत्या दिशांना आहेत ते नकाशावर पाहा. कोणत्या दिशेने येणाऱ्या पावसासाठी तुमचा अंदाज सर्वांत कच्चा ठरेल?

४. गहाळ होण्याचे कारण आणि गहाळ मूल्य यांचा संबंध असलेले एक उदाहरण तुमच्या शाखेतून द्या आणि ते घर भरावे की रिकामे ठेवावे, याची कारणे लिहा.